दोनचा डॉट आणि दहाचं नाणं

पत्र : ‘माझं वय ६१. कॉलेजात एनसीसीत होतो, तेव्हा पॉइंट टू-टू रायफलनं २५ यार्डांवर ग्रुपिंग केलेलं आहे. मुलगा अमेरिकेत मिसुरी राज्यात एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. तिथले त्याचे मित्र हिवाळ्यात खारी आणि सशांच्या शिकारीला जातात, यालाही सोबत जायचं आहे. मित्राची रुगर टेन-ट्वेंटीटू रायफल वापरणार. तिच्यावर रेड डॉट साइट लावायची आहे, पण डॉट २ एमओएचा घ्यावा, ३ चा की ६ चा, यावर गाडी अडली आहे. दुकानदार म्हणतो मोठा घ्या, पटकन दिसतो. मी डिसेंबरात तिकडे जाणार आहे. माझ्याकडे इथे पॉइंट १७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. तिच्यावर तसाच डॉट बसवून उमरेडजवळच्या आमच्या वावरात हात बसवावा म्हणतो. तिथे ससे हरभऱ्याचे शेंडे खातात. सरावही होईल आणि सशांचा बंदोबस्तही. माझ्या चष्म्यात सिलिंडर नंबर आहे. काय घ्यावं?’
— मानेवाडा, नागपूर

उत्तर :

आधी वावरातल्या सशाचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. उमरेडच्या सशावर एअर रायफल रोखायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ससा संरक्षित आहे, तसेच तित्तिर, लावा, मोर, घोरपडही. कायद्यातल्या शिकारीत नुसतं मारणं येत नाही, मारायचा प्रयत्नही येतो. जमीन तुमची, पीक तुमचं, बंदूक बिनपरवान्याची चालणारी, यातलं एकही कारण उपयोगी पडत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि मोर किंवा घोरपडीसारखा पहिल्या अनुसूचीतला जीव असेल तर किमान ३ वर्षं. हरभऱ्याचं नुकसान खरंच मोठं असेल तर वनखात्याला कळवा आणि धुऱ्यालगत बारीक जाळी बांधा. जाळीची खालची कड वीतभर मातीत पुरा, नाहीतर ससा खालून उकरून आत येतो.

दुसरी गोष्ट त्याच रस्त्यावरची. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य तुमच्या बाजूलाच आहे. अभयारण्याच्या हद्दीत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन जाता येत नाही. जवळचा म्हणून आतला रस्ता धरलात आणि गाडीत मागे एअर रायफल असली, तर तुम्ही सरावाला निघाला होतात हे नाक्यावर पटवून देत बसावं लागेल. रायफल पेटीत, पेलेटची, म्हणजे तिच्या गोळ्यांची, डबी वेगळी, आणि वळसा पडला तरी अभयारण्याबाहेरचा रस्ता. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, तुमच्या पॉइंट १७७ चा तेवढाच) आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. पण खरेदीची पावती आणि त्यावरचा तपशील पेटीतच ठेवा.

सराव मात्र करा, आणि कागदावर करा. मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच कागदावर मिळणार आहे.

रेड डॉट साइट म्हणजे नेम धरायला काचेत लाल उजेडाचा ठिपका दाखवणारी साइट. तो ठिपका म्हणजे डॉट, आणि त्याची जाडी एमओएत सांगतात. एमओए म्हणजे कोनाचं माप. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग. १०० मीटरवर त्याची रुंदी २.९ सेंटिमीटर भरते, ५० वर साडेचौदा मिलिमीटर, २५ वर सव्वासात मिलिमीटर, १० वर जेमतेम तीन. डॉटवर लिहिलेला आकडा म्हणजे तो ठिपका लक्ष्यावर एवढी जागा झाकणार. ठिपका काचेवर तेवढाच दिसतो, पण अंतर वाढेल तसा लक्ष्यावरचा त्याचा पसारा वाढत जातो, आणि लक्ष्य तर दूर जाताना बारीक होत जातं. सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधली आहे.

आता खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. मिसुरीतली राखाडी खार आपल्या आंब्याच्या झाडावरच्या पट्टेवाल्या खारीपेक्षा कितीतरी मोठी, अर्धा किलोच्या आसपासची. तरी पॉइंट टू-टूनं तिला जागीच आणि वेदना न होता मारायचं तर गोळी डोक्यात जावी लागते, आणि त्यासाठी मिळणारी जागा साधारण या नाण्याएवढी. कागदावर नाणं गिरवा, २५ मीटरवर लावा आणि हिशेब करा. २ एमओएचा डॉट तिथे साडेचौदा मिलिमीटर झाकतो, म्हणजे नाण्याच्या अर्ध्याहून किंचित जास्त. भोवती पांढरी कड स्वच्छ दिसते आणि डॉट मधोमध आहे की नाही ते डोळ्याला कळतं. ३ एमओएचा डॉट २२ मिलिमीटर झाकतो. कड उरते ती दोन-अडीच मिलिमीटरची, आणि २५ मीटरवरून एवढी कड नुसत्या डोळ्यानं मोजता येत नाही. ६ एमओएचा डॉट ४४ मिलिमीटर. नाणं त्याच्यामागे पूर्ण गडप. डॉटखाली खारीचं डोकं आहे, मान आहे की नुसती फांदी, हे माणसाला दिसतच नाही आणि तो अंदाजानं ट्रिगर दाबतो. जखमी होऊन ढोलीत शिरलेली खार अशा अंदाजातूनच येते.

म्हणून मुलाला सांगा, टेन-ट्वेंटीटूवर २ एमओए. डॉटची रुंदी लक्ष्याच्या निम्म्याच्या आसपास राहावी, फार पुढे जाऊ नये, हे माप धरलं की अंतराची मर्यादाही आपोआप ठरते. खारीच्या डोक्यासाठी २ एमओएचा डॉट २५ मीटरपर्यंत चांगला, फार ताणलं तर ३०. चाळीसवर तोच डॉट २३ मिलिमीटरचा होऊन नाणं भरून टाकतो. बसलेल्या सशाच्या छातीवर पाचेक सेंटिमीटरची जागा मिळते, तिथे २ एमओए चाळीस मीटरपर्यंत चालतो आणि ३ एमओए पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत. मुलाच्या मित्रांना पन्नासच्या पुढे मारायची सवय असेल तर रेड डॉट हे मुळात चुकीचं हत्यार. डॉट काही मोठं करून दाखवत नाही. तिथे कमी ताकदीचा साधा स्कोप घ्यावा.

दुकानदार खोटं बोललेला नाही, पण त्याचं उत्तर दुसऱ्याच बंदुकीसाठी आहे. झुडपातून उडी मारून पळणाऱ्या सशावर शॉटगन चालवायची असेल तर ६ एमओए बरोबर. वीस मीटरवर छर्ऱ्यांचा पसाराच हातभर होतो, तिथे साडेतीन सेंटिमीटरच्या ठिपक्यानं काही बिघडत नाही आणि तो क्षणात सापडतो हा मोठा फायदा. पिस्तुलावरही ६ चालतो, कारण हात जेवढा हलतो त्याच्यापुढे डॉटची जाडी किरकोळ. एकाच गोळीच्या रायफलवर, बसलेल्या छोट्या जनावरासाठी, ६ चं काम नाही.

मग १ एमओए का नको, असंही तुम्ही विचाराल. डिसेंबरात पानं झडलेल्या राखाडी जंगलात, सकाळच्या पहिल्या तासाला, तेवढा बारीक ठिपका शोधायला डोळ्याला वेळ लागतो. तो पटकन दिसावा म्हणून माणूस डॉटचा उजेड वाढवतो, आणि उजेड वाढवला की बारीक डॉट घेतल्याचा फायदा जातो.

यावर थोडं थांबू, कारण बहुतेकांचा डॉट याच ठिकाणी बिघडतो. डब्यावर २ एमओए लिहिलेलं असतं, पण उजेड पूर्ण वर नेला की त्याभोवती लाल धूसर कडी येते आणि तो डोळ्याला चार-पाच एमओएचा वाटू लागतो. नागपूरच्या दुपारी पांढऱ्या कागदावर उजेड वरच्या अंकावर ठेवावा लागतो, नाहीतर डॉट दिसत नाही. तोच अंक सावलीत तसाच राहिला की डॉट फुगतो. सवय अशी लावा : नेम धरण्याआधी उजेड इतका खाली आणा की डॉट नाहीसा होईल, मग एक किंवा दोन अंक वर. कागदावर टिकली चिकटवल्यासारखा दिसला पाहिजे, कडा साफ, मागचं नाणं दिसतंय. टिकलीचं कुंकू पसरल्यासारखं दिसलं की एक अंक खाली. आपोआप उजेड बदलणाऱ्या साइटपेक्षा हातानं बदलणारी घ्या. आपोआपवाली साइट रायफल जिथे आहे तिथला उजेड मोजते. तुम्ही झाडाखाली आणि लक्ष्य उन्हात, तर डॉट फिका पडतो. तुम्ही उन्हात आणि खार सावलीत, तर फुगतो.

आता तुमच्या डोळ्याचं. चष्म्यात सिलिंडर आहे म्हणजे डॉट गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, चांदणीसारखा किंवा दोन ठिपके जुळल्यासारखा दिसण्याची शक्यता आहे, आणि मग दुकानात माणूस साइटलाच नावं ठेवतो. घेण्याआधी दोन तपासण्या करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून साइटमध्ये बघा. कॅमेऱ्यात गोल आणि डोळ्याला वाकडा, तर दोष डोळ्याचा. मग साइट हातात धरून हळूहळू आडवी फिरवा. वाकडेपणा साइटबरोबर फिरला तर साइट खराब, आहे त्याच दिशेला राहिला तर डोळा. लांबचं बघायचा चष्मा लावूनच तपासा, वाचायचा नव्हे. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच ठेवायची असते आणि डॉट लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. मागची खाच, पुढचा काटा आणि लक्ष्य यांत डोळ्यानं ये-जा करायची गरज उरत नाही. साठीनंतर रेड डॉट सोयीचा पडतो तो याचमुळे. बायफोकल असेल तर गाल दस्त्यावर टेकल्यावर तुम्ही काचेच्या वरच्या भागातून बघता, तो भाग लांबच्या नंबरचाच असतो.

चष्मा लावूनही चांदणी गेली नाही तर उजेड कमी करून बघा, बरीचशी जाते. त्यानंही भागलं नाही तर काचेवर कोरलेल्या खुणेची प्रिझम साइट घ्या. तिची खूण कोरलेली असल्यानं पसरत नाही, आणि बॅटरी गेली तरी काळी खूण दिसत राहते. वजन थोडं जास्त पडतं, आणि डोळा मागून ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. मोठं वर्तुळ आणि मधे २ एमओएचा ठिपका अशाही साइट मिळतात. वर्तुळ डोळ्याला पटकन सापडतं आणि नेम मधल्या ठिपक्यानं धरता येतो. सिलिंडरवाल्यांना त्या बऱ्याचदा मानवतात.

डॉटचा साइझ आणि काचेचा साइझ या दोन गोष्टी मिसळू नका. नळीच्या साइटवर २० किंवा ३० मिलिमीटर लिहिलेलं असतं तो काचेचा व्यास. त्याचा डॉटच्या जाडीशी संबंध नाही. मोठ्या काचेत डॉट सापडतो लवकर, पण वीस-पंचवीस मीटरच्या आत एक धोका आहे. डोळा मधोमध नसला तरी डॉट दिसतो, आणि गोळी मात्र डोळा जितका सरकला साधारण तितकी सरकू शकते. ३० मिलिमीटरच्या काचेत कडेला डॉट ठेवून मारलं तर चूक पंधरा मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे नाण्याच्या बाहेर. ‘पॅरॅलॅक्स (डोळा सरकला की नेम सरकणं) नाही’ असं डब्यावर लिहिलेलं लांबच्या अंतराला खरं असतं, जवळच्याला पुरतं नाही. छोटी २० ते २२ मिलिमीटरची नळी घ्या, आणि प्रत्येक वेळी डॉट काचेच्या मधे आहे ना ते बघूनच दाबा. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकला तर हे आपसूक जमतं.

गाल टेकण्यावरून माउंटची, म्हणजे साइट रायफलवर पकडून ठेवणाऱ्या तुकड्याची, उंची. बाजारात पुष्कळ रेड डॉट उंच ठोकळ्यासह येतात. ते सरळ दस्त्याच्या, लष्करी घडणीच्या रायफलींसाठी असतात. टेन-ट्वेंटीटूच्या जुन्या घाटाच्या लाकडी दस्त्यावर तो ठोकळा लावला की गाल सुटतो, हनुवटी टेकवून बघावं लागतं आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी जातो. ठोकळा काढून सर्वांत बुटका माउंट लावायला सांगा. टेन-ट्वेंटीटूबरोबर वर बसवायची पट्टी सहसा येतेच, तिला विव्हर पद्धतीचे माउंट बसतात. तुमच्या एअर रायफलवर मात्र ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तिला वेगळा माउंट लागतो. विव्हरचा माउंट जबरदस्तीनं आवळला तर खाचेच्या कडा मोडतात.

एअर रायफलचा दुसरा प्रश्न जास्त त्रासाचा. स्प्रिंगची बंदूक दोनदा हिसका देते. पिस्टन पुढे सुटला की बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की बंदूक पुढे झेपावते. साधी साइट मागच्या हिसक्याचा विचार करून बनवलेली असते. पुढच्या झटक्यानं तिच्या आतली काच सैल होते किंवा बॅटरीचा पत्रा सुटतो आणि डॉट मधेच विझायला लागतो. घेताना एकच प्रश्न विचारा : स्प्रिंगच्या एअर रायफलवर चालेल असं बनवणाऱ्यानं लिहून दिलंय का? तोंडी हो पुरेसा नाही. माउंट एकसंध घ्या, दोन तुकड्यांचा नको. खाली अडकवायची पिन असेल आणि रायफलवर तिच्यासाठी भोक असेल तर पिन भोकात बसवाच. पिन नसलेला माउंट प्रत्येक फेरीगणिक केसभर मागे सरकतो. शंभर पेलेटनंतर माणूस म्हणतो झीरो (डॉट जिथे, गोळी तिथे अशी साइटची जुळवणी) टिकत नाही, आणि खाचेवर बघितलं तर माउंट घासत गेल्याची चमकदार रेघ दिसते.

बसवताना खाच आणि स्क्रू स्पिरिटनं पुसा. तेल राहिलं की सगळं सैल होतं. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल नको, तो पुन्हा उघडत नाही. अ‍ॅलन कीचा लांब दांडा भोकात घाला, आखूड टोक बोटांत धरून हाताला थांबेल तेवढंच आवळा, एक इकडचा एक तिकडचा असं थोडं थोडं. मग नेलपॉलिशची बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते, आणि झीरो कुठे गेला ते शोधत पेलेट उडवायची वेळ येत नाही.

झीरो करणं. एनसीसीत तुम्ही ग्रुपिंग केलंय, पद्धत तीच. पाच मारायच्या, मग बघायचं, एकेका भोकावर साइट फिरवायची नाही. वाळूच्या पिशवीवर पुढचा हात टेकवा आणि रायफल हातावर ठेवा. नळी पिशवीवर टेकवू नका, आणि स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळू नका. तिला हातात मोकळी हलू दिली की ग्रुप जुळतो. बहुतेक छोट्या साइटवर एक क्लिक म्हणजे १ एमओए, तरी डब्यावर बघा, काहींत अर्धा असतो. समजा २५ मीटरवर पाच भोकांचा मध्य ३ सेंटिमीटर खाली आणि दीड सेंटिमीटर उजवीकडे आला. एक क्लिक सव्वासात मिलिमीटर, म्हणून चार क्लिक वर आणि दोन डावीकडे. बाण ज्या दिशेला, तिकडे गोळी सरकते. पुन्हा पाच. एअर रायफल २० मीटरवर झीरो करा, तिथे तेच क्लिक सुमारे सहा मिलिमीटर सरकवेल. वाऱ्याच्या दिवशी नको. हलका पेलेट बाजूला ढकलला जातो आणि तुम्ही वाऱ्याची चूक साइटमध्ये भरून ठेवता. घरात आणखी कोणी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करत असेल तर त्याला या डॉटची सवय लावू नका. तिथे असली साइट चालत नाही.

मुलाची पॉइंट टू-टू ५० यार्डांवर झीरो केली की २५ वरही गोळी जवळजवळ डॉटवरच बसते, म्हणून खारीच्या शिकारीसाठी तो झीरो सोयीचा. ७५ यार्डांवर ती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाते, शंभरावर पंधराहून जास्त. अगदी जवळ, दहा मीटरवरही ती डॉटच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली लागते, कारण साइट नळीच्या वर बसलेली आहे आणि गोळीची वाट तिला खालून येऊन मिळते. पायाजवळच्या सशाला मारताना लोक इथेच चुकतात. हे नाण्याच्या कागदावर आधी दहा मीटरवरून एकदा बघून घ्यावं. आणि गोळ्यांचा छाप एकच ठेवा. डबी बदलली की झीरो हलतो.

झाडावरच्या खारीसाठी एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसवा. पॉइंट टू-टूच्या डबीवरच लिहिलेलं असतं की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. फांदीच्या टोकावर आकाशापुढे बसलेली खार सोडून द्यायची. डोक्यामागे जाड खोड असेल तरच मारायचं. डॉटमधून बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवले की मागचं खोड, मागची वाट, मागचा माणूस दिसतो. एक डोळा मिटला की हे सगळं जातं.

तुमच्या वावरातही हाच विचार. लक्ष्यामागे पुरुषभर उंच मातीचा धुरा हवा. दगडी बांध, पत्र्याचं शेड, विहिरीचा काठ यांच्याकडे तोंड करून मारायचं नाही, पेलेट उलटून येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने कपडे ठासून भरा, पुढे कागद चिकटवा, खोकं धुऱ्याला टेकवा. डोळ्यांना चष्म्यावरून गॉगल, वावरात काम करणारी माणसं मागे. पेलेट शिशाचे असतात, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय शिदोरी उघडायची नाही. साइट लावलेली रायफल उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. नागपुरात बाहेरच ४५ अंश असतं तेव्हा गाडीच्या आत बॅटरी आणि काचेचा गोंद दोन्ही खराब होतात. मिसुरीत उलट, गारठ्यानं बॅटरी मंदावते. जादाची सीआर २०३२ आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी.

आता तिकडच्या कायद्याचं, आणि हे मुलाला आजच कळवा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. मित्राची क्षणभर हातात घेतलेली रायफलही त्यात येऊ शकते. याला असलेला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना आधी, रायफल नंतर, आणि परवान्याची मुदत संपलेली नसावी. तुम्ही बी-टू म्हणजे पर्यटक व्हिसावर जाणार, तुम्हालाही हाच नियम. मिसुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला बंदुकीच्या शिकारीचा परवाना काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मुलाला तो करावाच लागेल, तुमचं वय बघता तुम्हाला नाही. पण राज्याबाहेरच्या माणसाचा छोट्या शिकारीचा परवाना तुम्हाला लागेलच. हंगामाच्या तारखा आणि दिवसाला किती जनावरं, ते राज्याच्या संवर्धन खात्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघावं, मित्राच्या आठवणीवर जाऊ नये.

परत येताना मुलगा म्हणेल, बाबा, एक साइट तुमच्यासाठीही घेऊन जा. नको म्हणा. रेड डॉट साइट अमेरिकेच्या निर्यात नियमांत नियंत्रित वस्तूंच्या यादीत आहे, बॅगेत टाकून आणायची चीज नाही. तुमची साइट इथेच घ्या : २ एमओए, छोटी नळी, हातानं बदलणारा उजेड, ११ मिलिमीटरचा एकसंध माउंट, स्प्रिंगच्या बंदुकीसाठी लिहून दिलेली.

डिसेंबरपर्यंतचा सराव असा ठेवा. एका कागदावर दहाचं नाणं दहा वेळा गिरवा, प्रत्येक नाण्यात एकच पेलेट. दहा मीटरवर बसून सुरुवात करा. दहाच्या दहा आत गेल्या की पाच मीटर मागे. एक जरी बाहेर गेली तर त्या दिवशी मागे जायचं नाही. उभ्यानं मारलेला कागद वेगळा ठेवा, तो बसून मारलेल्यापेक्षा बराच वाईट येणार आणि तो बघणं गरजेचं आहे. प्रत्येक कागदावर तारीख, अंतर आणि उजेडाचा अंक लिहा. मुलानंही तिकडच्या रेंजवर पॉइंट टू-टूनं हेच करावं. तिथे दहाचं नाणं मिळणार नाही, म्हणून गिरवलेले वीसेक कागद तुमच्या बॅगेत टाकून न्या, किंवा आजच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर माप पाठवा : २७ मिलिमीटर.